कथेतील माणसाचा धर्म

वार्षिकाचे दिवस जवळ आले की विद्यार्थ्यांच्या कथांचा एक गठ्ठा आमच्या हाती येतो. या कथांत परीक्षा असतात, गरिबी असते, पूर असतो, क्वचित चंद्रावरची स्वारीही असते. परंतु एक गोष्ट शोधूनही सहसा सापडत नाही, आणि ती म्हणजे पात्रांचा धर्म. ज्या मुलाच्या घरी चवथीच्या आधी आठवडाभर कोणाला उसंत नसते, ज्या मुलीची आजी तापातही सोमवारचा उपास मोडत नाही, त्यांनी लिहिलेल्या कथांतील माणसे मात्र वर्षभर एकही सण पाळीत नाहीत, कोणाला नवस बोलत नाहीत, कशाला भीत नाहीत. जेथे धर्म येतो तेथे तो दोनच रूपांनी येतो. एक तर पहिल्या परिच्छेदात देवळाची घंटा वाजते आणि सूर्य उगवतो. नाही तर शेवटच्या परिच्छेदात देव धावून येतो आणि आजारी आई उठून बसते. पहिल्या प्रकारात धर्म हा नाटकाच्या पडद्यावरील चित्र ठरतो, दुसऱ्यात औषधाची बाटली. दोन्हींपैकी कशानेही पात्र जिवंत होत नाही.

धर्म या शब्दाने येथे आम्हांस काय अभिप्रेत आहे ते आधी सांगितले पाहिजे. देवावरील श्रद्धा तर त्यात आलीच. पण तिच्याबरोबर घरातील उपासतापास, सुतक, मृताचे संस्कार, सणाचे पक्वान्न, कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही हा विचार, आणि कोणी पाहत नसतानाही मनाला टोचणारी ती आतील काडी, हे सर्व त्यात येते. असा हा धर्म कथेत दोन कामे करू शकतो. तो कथेचे जग उभारतो आणि त्या जगातील माणसाला कसोटीला लावतो. म्हणूनच आमचे मत असे की, कथेतील धर्माची खरी जागा लेखकाच्या मुखात नसून पात्राच्या निर्णयात आहे. हे मत पारखण्यासाठी आपण काही कादंबऱ्यांकडे वळू.

पहिले उदाहरण आपल्या शेजारच्या कन्नड भाषेतील. यू. आर. अनंतमूर्ती यांची 'संस्कार' ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. दुर्वासपूर नावाच्या ब्राह्मणांच्या अग्रहारात नारणप्पा नावाचा मनुष्य मरण पावतो. हयातीत त्याने एकही नियम पाळलेला नसतो. मद्यमांस त्याला वर्ज्य नव्हते आणि चंद्री नावाच्या परजातीच्या स्त्रीबरोबर तो राहत होता. तथापि त्याला जातीबाहेर टाकलेले नसते. म्हणून तो मरणसमयी ब्राह्मणच ठरतो. त्याला मूल नाही. मग त्याला अग्नी कोणी द्यावयाचा? आणि प्रेत उठेपर्यंत अग्रहारात कोणी अन्न घ्यावयाचे नाही, देवपूजा करावयाची नाही, असा नियम!

एवढ्या एका नियमावर लेखकाने सारे जग उभे केले आहे. घरोघरी मुले भुकेली झाली आहेत, प्रेत कुजू लागले आहे, उंदीर पडू लागले आहेत, आणि विद्वान प्राणेशाचार्य पोथ्या उलटीत बसले आहेत. चंद्री आपले दागिने अंत्यविधीसाठी पुढे ठेवते. आणि जे ब्राह्मण आतापर्यंत 'हे काम आमचे नव्हे' म्हणून मागे सरत होते, त्यांच्याच डोळ्यांत सोने चमकू लागते. कोण लोभी आहे, कोण भित्रा आहे, कोण प्रामाणिक आहे, हे लेखकाला निराळे सांगावे लागत नाही. नियम एकच, पण त्याच्यापुढे उभा राहणारा प्रत्येक मनुष्य निराळा. म्हणून प्रत्येकाचा स्वभाव आपोआप उघडा पडतो. अखेरीस चंद्रीच एका मुसलमान माणसाच्या साहाय्याने रात्री त्या प्रेताला अग्नी देते. जिला शास्त्राने काही अधिकारच दिला नव्हता, तिने माणसाचे शेवटचे कर्तव्य केले. शास्त्र मोठे की माणुसकी, असा निबंध अनंतमूर्तींनी लिहिला असता तर तो आपण वाचून बाजूला ठेवला असता. कादंबरी मात्र मनातून जात नाही.

आता धर्माने पात्र कसे घडते ते पाहू. फ्रेंच साहित्यिक व्हिक्टर ह्यूगो यांची 'ले मिझेराब्ल' ही कादंबरी १८६२ सालची. तिचा नायक ज्याँ व्हालज्याँ पाव चोरल्याबद्दल तुरुंगात जातो आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे शिक्षा वाढत वाढत एकोणीस वर्षांनी बाहेर पडतो. त्याला आसरा मिळतो तो बिशप मिरिएल यांच्या घरी. तो रात्री त्यांचीच चांदी चोरून पळतो. शिपाई त्याला पकडून आणतात, तेव्हा बिशप म्हणतात की ही चांदी आपणच याला दिली होती. आणि वर चांदीची दोन शमादानेही त्याच्या हाती ठेवतात. हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु ह्यूगोने त्यापूर्वी काय केले आहे, तिकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. नायक कथेत येण्यापूर्वीच त्याने अनेक प्रकरणे खर्चून या बिशपांचा संसार दाखविला आहे. त्यांनी आपला प्रशस्त वाडा शेजारच्या कोंदट रुग्णालयाला देऊन टाकला आणि आपण रुग्णालयाच्या लहान घरात राहावयास गेले. वार्षिक वेतन पंधरा हजार. त्यातील स्वतःसाठी ठेवले एक हजार. ह्यूगोने त्यांचे अंदाजपत्रकच आपल्यापुढे मांडले आहे. बिशप किती धर्मशील आहेत, हे विशेषणांनी सांगण्याऐवजी त्यांच्या जमाखर्चाने सांगितले. त्यामुळे चांदी देऊन टाकण्याचा प्रसंग येतो तेव्हा तो चमत्कार वाटत नाही. हा मनुष्य याहून निराळे वागूच शकला नसता, असे वाटते.

आणि ती शमादाने पुढेही कथेत राहतात. व्हालज्याँ नाव बदलून प्रतिष्ठित होतो. एके दिवशी त्याला कळते की, त्याच्याऐवजी भलत्याच मनुष्याला व्हालज्याँ समजून शिक्षा होणार आहे. गप्प बसले की आपण सुरक्षित. बोलले की पुन्हा बेड्या. त्या रात्री तो जुन्या खुणा नाहीशा करावयास निघतो, आणि ती शमादानेही आगीत टाकावयास जातो. पण त्याचा हात धजत नाही. त्या संपूर्ण रात्रीत कोणी धर्मगुरू उपदेश करावयास येत नाही. बिशप वारलेले आहेत. तरी त्यांचा धर्म चांदीच्या दोन वस्तूंच्या रूपाने त्या खोलीत उभा आहे, आणि दुसऱ्या दिवशी नायक न्यायालयात जाऊन स्वतःचे नाव सांगतो. धर्माने पात्र घडणे म्हणतात ते यालाच.

येथे कोणी विचारील की, मग लेखकाने आपले मत सांगूच नये काय? मराठीतील दोन कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर या प्रश्नाचे उत्तर मिळते. योगायोग असा की दोहोंच्या नायिकेचे नाव यमुनाच. पहिली कादंबरी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', साल १८५७. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा आहे. पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगावचा, आणि १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. दुसरी हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो', जी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः येऊ लागली. दोन्ही कादंबऱ्यांचा विषय हिंदू विधवांचे हाल, आणि त्या हालांवर धर्माच्या नावाने घातलेले पांघरूण.

पदमनजींनी विधवांची दुःखे डोळसपणे टिपली आहेत. त्या काळी तसे लिहावयास धैर्य लागत होते, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु त्यांची यमुना जेथे जाते तेथे लेखकाचा निष्कर्ष तिच्या आधीच पोहोचलेला असतो. पात्रे बोलतात तेव्हा संवादाखालून प्रवचन ऐकू येते. आणि शेवटी यमुना ख्रिस्ती होते, ते तिचा स्वतःचा निर्णय म्हणून वाचकाला पुरेसे पटत नाही. आपट्यांची यमू मात्र आपली कहाणी आपल्याच घरगुती भाषेत सांगते. तिच्या कहाणीतील शंकरमामंजी धर्माचा मोठा आव आणतात, आणि त्यांच्याच हातून तिच्यावर केशवपनाचा घोर प्रसंग ओढवतो. आपटे मध्ये येऊन 'पाहा, हा ढोंगी आहे' असे बजावीत बसत नाहीत. यमू सांगते, आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो. दोघांही लेखकांना सुधारणाच हवी होती. पहिल्याने ती पात्राकडून वदविली, दुसऱ्याने ती वाचकाच्या मनात निर्माण केली. मत लेखकाला असावेच. पण ते पात्राच्या डोक्यावर ओझ्यासारखे लादू नये.

धर्म आणि पात्र यांचा संबंध याहूनही सूक्ष्म असू शकतो, आणि त्याचे उदाहरण प्रत्येक मराठी घरात आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली. एका प्रसंगी एका वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावरील लाकडांची मोळी खाली पडते, आणि अस्पृश्य म्हणून कोणी तिला हात लावीत नाही. आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे. आणि घरी येऊन स्नान कर. या सांगण्याच्या पूर्वार्धात करुणा आहे, उत्तरार्धात रूढी. आजच्या वाचकाला तो उत्तरार्ध खटकतो, आणि खटकलाच पाहिजे. अस्पृश्यतेचा कलंक तेव्हाही कलंकच होता. पण गुरुजींनी तो गाळला असता तर काय झाले असते? आई एकदम आजची झाली असती आणि खोटी झाली असती. आहे तशी ती आपल्या काळाच्या चौकटीत उभी आहे, आणि त्या चौकटीतून हात बाहेर काढते आहे. म्हणूनच तो हात आपल्याला मोलाचा वाटतो. पात्राला निर्दोष धर्म देऊ नये; त्याला त्याचाच धर्म द्यावा, आणि तो त्याला कोठे अडवतो व कोठे सोडवतो ते दाखवावे.

काही विद्यार्थ्यांना अद्भुत कथा लिहिण्याची हौस असते. राक्षस, जादूगार आणि नवे ग्रह यांच्या राज्यात धर्माचे काय काम, असे त्यांना वाटत असेल. तर त्यांनी अमेरिकन लेखिका अर्सुला ली ग्विन यांची 'द टूम्ब्स ऑफ अटुआन' ही १९७१ सालची कादंबरी मिळाल्यास वाचावी. तिच्यातील प्रदेश आणि देवता सर्वस्वी कल्पित आहेत. टेनार नावाच्या लहान मुलीला घरातून उचलून निनावी काळोख्या शक्तींची पुजारीण केले जाते. तिचे नाव काढून घेतात आणि तिला 'अर्हा' म्हणतात. त्या कल्पित भाषेत त्याचा अर्थ 'गिळलेली'. भुयारात दिवा न्यावयाचा नाही, हा तेथील नियम. मग एक दिवस त्या भुयारात एक परका जादूगार उजेड घेऊन शिरतो. नियमाप्रमाणे त्याला मरू दिले पाहिजे. आणि ती मुलगी त्याला पाणी देते. देवता कल्पित, भुयार कल्पित. पण कर्तव्य आणि दया यांच्यामध्ये सापडलेली ती मुलगी मात्र पुरी खरी. लेखिकेने आधी त्या धर्माचे नियम पक्के केले, म्हणूनच एका घोटभर पाण्याला एवढे मोल आले.

याच्या उलट मार्गही आहे. जे. आर. आर. टॉल्किन हे श्रद्धाळू कॅथलिक होते. पण १९५४-५५ मध्ये आलेल्या त्यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या विशाल कथेत देऊळ किंवा पुजारी जवळजवळ नाहीतच. तेथे धर्म आहे तो दयेच्या रूपाने. ज्या गॉलमला ठार मारणे सहज शक्य होते, त्याला वारंवार जीवदान दिले जाते. आणि शेवटच्या क्षणी नायक फ्रोडोचे मन ढळते, तेव्हा त्या जिवंत सोडलेल्या गॉलममुळेच दुष्ट अंगठीचा नाश होतो. तेव्हा धर्माचे नाव न घेताही कथा धर्माने भरलेली असू शकते. आमचा आग्रह देवळाविषयी नाही. पात्र कोणत्या गोष्टीला पवित्र मानते, हे लेखकाला ठाऊक असावे एवढाच आहे.

आता अगदी आपल्या अंगणातला प्रश्न. आमची घरची बोली कोकणी आणि शाळेची भाषा मराठी. आणि आमच्या गावांत घुमटी व खुरीस एकाच वाटेवर भेटतात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात, कारण शिरगावची लईराई आणि ती बहिणी, असे लोक मानतात. अशा मुलखात लिहिणाऱ्याला केवळ आपल्याच धर्माची माणसे रंगवून कसे चालेल? पण शेजाऱ्याचा धर्म रंगविताना लेखणी आळशी होते. हिंदी बोलपटांनी गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला बहुधा एकच काम दिले: हातात बाटली घेऊन अडखळत चालणे. गळ्यातला क्रॉस दाखविला की त्यांचे पात्र पुरे होते. विद्यार्थ्यांच्या कथांतील मुसलमान पात्रही बहुधा ईदच्या दिवशी शिरकुर्मा घेऊन येते आणि तेवढेच करून निघून जाते. ही दुष्ट बुद्धी नव्हे. ही ओळख नसल्याची खूण आहे. परंतु ज्या शेजाऱ्याला आपण कथेत सोंग म्हणून पाहतो, त्याला पुढे रस्त्यावरही सोंग म्हणूनच पाहू लागतो. म्हणून हा प्रश्न केवळ कलेचा राहत नाही.

याला उत्तर देणारा लेखक आपल्याच भूमीत आहे. माजोर्ड्याचे दामोदर मावजो हे हिंदू. त्यांच्या 'कार्मेलिन' या १९८१ सालच्या कोकणी कादंबरीची नायिका मात्र ख्रिस्ती स्त्री. मुलीला गावी ठेवून ती कुवेतला घरकामासाठी जाते. या कादंबरीला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि पुढे मावजोंना ज्ञानपीठही मिळाले. कार्मेलिन ही ख्रिस्ती धर्माचा नमुना म्हणून आपल्यापुढे येत नाही, आणि हिंदू लेखकाने शेजाऱ्यावर केलेले उपकार म्हणूनही येत नाही. ती एक आई आहे. लेखकाला शेजारचे घर आतून ठाऊक असले म्हणजे असे पात्र जन्माला येते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पालकांकडून येईल हे आम्ही जाणतो. धर्म हा नाजूक विषय. कोणाचे मन दुखावेल, वाद होतील. मुलांच्या कथांत तो नसलेलाच बरा. या भीतीला आधार नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण मन दुखावते ते बहुधा अज्ञानाने आणि उपहासाने. जे पात्र आपल्या श्रद्धेसह, शंकेसह, चुकांसह खरे उतरले आहे, ते वाचून त्या धर्माचा वाचकही म्हणतो, 'होय, आमच्याकडे असेच असते.' शिवाय धर्माविषयी मुलांनी कथेतून विचार केला नाही, तर त्याविषयी त्यांच्या कानी जे पडावयाचे ते सभांतील आरोळ्यांतून पडणारच आहे. त्यापेक्षा कथेची शांत खोली बरी.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वर्षी कथा लिहावयास बसाल तेव्हा एवढे करा. 'गणपती आले, सर्वांना आनंद झाला' असे लिहू नका. माटोळीला बांधावयाची रानफळे आणण्यासाठी डोंगरावर गेलेला मुलगा दाखवा. कोणते फळ कोठे मिळते हे त्याला आजोबांनी शिकविले होते आणि आजोबा यंदा नाहीत, हे सांगा. मग घरात सुतक म्हणून यंदा माटोळी नाही, हे ठाऊक असूनही तो डोंगरावर का गेला, याचा विचार करा. तुमची कथा तेथे सुरू होईल. शेजारच्या धर्माचे पात्र घ्यावयाचे असेल तर आधी शेजारच्या आजीकडे जाऊन बसा. त्या घरी उपास कसा सोडतात, मृताची आठवण कोणत्या दिवशी काढतात, मुलाला कशाची शपथ घालतात, हे विचारा. आणि ती सांगेल त्यातले निम्मे लिहू नका, पण सारे लक्षात ठेवा. देवाला शेवटच्या परिच्छेदात धावून यावयास लावू नका. त्याऐवजी तुमच्या पात्राला अशा जागी उभे करा, जेथे त्याला स्वतःलाच ठरवावे लागेल. तो काय ठरवतो, हे लिहितानाच तुम्हांला कळेल की त्याचा धर्म कोणता. आणि कदाचित तुमचा कोणता, तेही.